आजोबांचं बिग ब्लॉक

‘भंगारवाला किलोला तीस रुपये म्हणतोय. बीड आहे, याच्या वर एक रुपया देणार नाही म्हणाला. तुला काय वाटतं?’

बुधवारची दुपार. समोर लॅपटॉपवर ‘उन्हाळ्यातली त्वचा’ हा आठशे शब्दांचा लेख, डेडलाइन चारची, आणि फोनवर बाबा. ज्यांचे बाबा माझ्या बाबांसारखे आहेत त्यांना यातली गंमत लगेच कळेल. आमच्या बाबांनी मला ‘तुला काय वाटतं’ हे आजवर एकदाच विचारलं होतं, तेही दादाला लावलेला फोन चुकून मला लागला म्हणून. त्यामुळे मी त्वचा बाजूला ठेवली.

विषय होता गोठ्यातलं इंजिन.

पनवेल सोडून पळस्प्याला गोव्याच्या रस्त्याला लागलं की आधी शिरढोण येतं, वासुदेव बळवंत फडक्यांचं गाव. तिथून पुढे कर्नाळ्याचा तो अंगठ्यासारखा सुळका दिसायला लागतो. तुमच्यापैकी निम्म्या जणांनी पावसाळ्यात तो ट्रेक केला असणार, खाली येऊन भजी खाल्ली असणार आणि ढगांमुळे सुळका दिसलाच नाही म्हणून चिडचिड केली असणार. आमचं गावचं घर खिंडीच्या थोडं अलीकडे. घरामागे गोठा. गोठ्यात गुरं नाहीत, माझ्या जन्माच्या आधीपासून नाहीत. आहे ते एक इंजिन. ताडपत्रीखाली, दोन सागाच्या ओंडक्यांवर ठेवलेलं, वर कोंबड्यांची वस्ती. लहानपणी आम्ही चुलत भावंडं त्याच्यावर दुकान मांडायचो. वाटाण्याच्या शेंगा विकायला एकदम परफेक्ट उंची.

हे इंजिन म्हणजे आजोबांच्या डॉज किंग्जवेचं ‘काळीज’. हा बाबांचा शब्द, माझा नाही.

थोडं मागे जाते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात अमेरिकेतल्या क्रायसलरच्या गाड्या जोडल्या जाऊ लागल्या. डॉज, प्लिमथ, डिसोटो आणि फार्गोचे ट्रक. आपल्याला प्रीमियर म्हटलं की पद्मिनी आठवते, जिची शेवटची काळी-पिवळी मुंबईच्या रस्त्यावरून २०२३ च्या ऑक्टोबरात गेली आणि आपण सगळ्यांनी स्टेटसला फोटो लावले. पण त्याच्या आधी याच कुर्ल्यातून या धिप्पाड अमेरिकन गाड्या बाहेर पडत होत्या. किंग्जवे हे नाव अमेरिकेबाहेर विकायच्या डॉजना दिलेलं. आतून ती प्लिमथच. आजोबांनी १९५८ मध्ये तशी एक सेकंडहँड घेतली आणि पनवेल-पेण रस्त्यावर भाड्याने चालवली. लग्नाची वऱ्हाडं, पेशंट, आणि गणपतीच्या आधीचे दोन महिने पेणहून मूर्ती. मागची सीट काढून, पेंढा पसरून.

आणि घरातली लीजंड अशी, की दहा माणसं भरलेली डॉज कर्नाळ्याची खिंड टॉप गिअरमध्ये चढायची. बाकीच्या गाड्या सेकंडला कण्हत असायच्या आणि आजोबा शिट्टी वाजवत पुढे. हे वाक्य आमच्याकडे दर दिवाळीला फराळासोबत मिळतं.

१९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं, पेट्रोल भडकलं. तेव्हा देशभर अशा गाड्यांतून पेट्रोलची इंजिनं उतरली आणि डिझेलची चढली. आमच्या डॉजमध्येही १९७४ मध्ये मद्रासला बनणारं पर्किन्स बसलं. काढलेलं इंजिन घरी आलं. गाडी १९८१ मध्ये विकली. इंजिन राहिलं.

आता गेल्या पावसाळ्यात गोठ्याचं छप्पर बसलं. तो पाडायचाय. म्हणून भंगारवाला.

मी बाबांना म्हटलं, ‘थांबा! विकू नका. शनिवारी येते.’

यात माझं प्रेम किती आणि स्वार्थ किती, ते आधीच कबूल करते. मी मागे एका विंटेज कार रॅलीवर लिहिलं होतं. तिथे भेटलेले पुण्याचे एक संग्राहक काका अधूनमधून फोन करायचे. त्यांच्याकडे १९५१ ची किंग्जवे आहे आणि तिच्या पोटात डिझेल इंजिन. केंद्र सरकारने २०२१ मध्ये विंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आणले, पन्नास वर्षांहून जुनी गाडी, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं, नव्या नोंदणीची फी वीस हजार. पण अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी, इंजिन यात मोठा बदल चालत नाही. म्हणजे काकांना किंग्जवेचं पेट्रोल इंजिन हवंच होतं. मी बुधवारीच त्यांना फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, ‘ओरिजिनल, एका मालकाकडचं.’ पत्रकारितेची डिग्री आहे माझ्याकडे, मास कम्युनिकेशनची. त्यात खातरजमा नावाचा एक अख्खा पेपर होता.

शनिवारी पोचले तर बाबांची तयारी माझ्या पुढची. विकायचं नाही, बनवायचं! पीएफमधले दीड लाख त्यांनी मनातल्या मनात बाजूला काढले होते. इंजिन चालू करून स्टँडवर ठेवायचं, दसऱ्याला पूजा करायची, जमलं तर पुण्याच्या काकांच्या गाडीत बसवून रॅलीत जायचं.

‘गाडी कुठाय?’ आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

‘अगं, इंजिन आहे ना.’

‘तेच विचारतेय. गाडी कुठाय?’

यावर कोणी काही बोललं नाही.

पनवेलचे एक मिस्त्रीकाका आहेत, पंचाहत्तरीचे. पोरवयात अमेरिकन गाड्या आणि फार्गो ट्रक बघणाऱ्या गॅरेजात हेल्पर होते. हल्ली गॅरेज मुलगा बघतो आणि हे बाहेर खुर्ची टाकून त्याच्या चुका काढतात. त्यांना रिक्षाने आणलं. मला वाटलं ते आल्या आल्या पान्हे काढतील. त्यांनी आधी चहा घेतला. मग ताडपत्री काढून पाच मिनिटं नुसते बघत राहिले. मग हँडल घालायच्या जागी पाइपचा तुकडा लावून हलकेच जोर दिला. काही हललं नाही.

‘जाम आहे,’ बाबा म्हणाले. आवाज असा की डॉक्टरांनी ‘अ‍ॅडमिट करा’ म्हटलंय.

‘असणारच. पन्नास वर्षं झोपलाय. त्याला दणके नाय द्यायचे.’ मिस्त्रीकाकांनी सहा स्पार्क प्लग काढले, प्रत्येक भोकात डिझेल आणि गिअर ऑइलचं मिश्रण ओतलं. ‘पुढच्या रविवारी. तोवर हात लावाल तर मी येणार नाय.’

जुनं इंजिन वाचवण्यासारखं आहे का, हे ठरवण्यातला पहिला अर्धा भाग म्हणजे नुसतं थांबणं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. जोर लावून फिरवलं तर गंजलेल्या रिंगा सिलिंडरची भिंत खरवडतात, कधी पिस्टनच फुटतो. म्हणजे जे वाचलं असतं तेही आपण घालवतो.

तो आठवडा मी वाचनात घालवला. बिग ब्लॉक हा शब्द ऐकला की कारवेड्यांना अमेरिकेची ती राक्षसी व्ही-एट इंजिनं आठवतात, शेव्हर्लेचं ४५४ वगैरे. म्हणजे ४५४ घनइंच, जवळजवळ साडेसात लिटर. आपली हॅचबॅक १.२ लिटरची! पण क्रायसलरच्या या जुन्या सहा सिलिंडरवाल्यांमध्येही एक छोटा आणि एक मोठा ब्लॉक असतो, आणि तो ओळखायची युक्ती इतकी सोपी की हसू येतं. टेप घ्यायची आणि वरच्या हेडची लांबी मोजायची. अमेरिकेत बनलेल्या प्लिमथ आणि डॉज मोटारींचं हेड तेवीस इंच. डिसोटो, क्रायसलर आणि जड ट्रकांचं पंचवीस इंच. कॅनडात मात्र सगळ्यांनाच पंचवीस. इंजिनच्या कुशीत, हेडच्या जरा खाली पुढच्या बाजूला, नंबर ठोकलेला असतो. त्याचं पहिलं अक्षर बघायचं. डॉज मोटारीचं डी. ट्रकचं टी.

रविवारी मी शिंप्याची टेप घेऊन गेले. आजीची, तिच्या मशीनच्या डब्यातली.

पंचवीस इंच.

‘कॅनडाचं असेल,’ मी पटकन म्हटलं. बाबांनी मान हलवली. त्यांना आनंदच झाला होता, मोठं निघालं म्हणून. मी तारेचा ब्रश आणि रॉकेल घेऊन नंबरच्या मागे लागले. (रॉकेल! आता ते मिळवणं म्हणजेच एक विंटेज छंद झालाय. मिस्त्रीकाकांनी कुठूनतरी पाण्याच्या बाटलीतून आणलं होतं.) कोंबड्यांची पन्नास वर्षांची कृपा, तिच्याखाली ग्रीस, तिच्याखाली रंग. वीस मिनिटांनी अक्षर दिसलं.

टी.

माझ्या बॅगेत १९६१ ची विम्याची पॉलिसी होती, आजीच्या ट्रंकेतून काढलेली. त्यावर इंजिन नंबर टाइप केलेला. सुरुवात डी ने.

‘हा ट्रकचा आहे,’ मिस्त्रीकाका म्हणाले. ते माझ्याही आधी समजून बसले होते, पण नंबर दिसेपर्यंत बोलले नाहीत. ‘अण्णा, तुमच्या वडलांनी मूळचा कधीतरी काढला आणि हा घातला. तेव्हा पार्ट बाहेरून येईनात. फार्गोचे मिळायचे, कुर्ल्यालाच बनायचे ना. लय गाड्यांत घातलेत आम्ही. पण हा दोन इंच लांब पडतो. रेडिएटर पुढं सरकवावा लागतो, त्याच्याबिगर बसतच नाय.’

बाबा काही बोलले नाहीत. ते उठून कुत्र्याला बांधायला गेले. कुत्रा आधीच बांधलेला होता.

मला कळेना काय करावं. तुम्ही कधी तुमच्या बाबांना चुकीचं सिद्ध केलंय? वादात नव्हे हो, ते रोजचंच. पुराव्यानिशी, तिसऱ्या माणसासमोर, टेप लावून? अजिबात मजा येत नाही. पन्नास वर्षं जे ‘काळीज’ म्हणून जपलं ते दुसऱ्याच कुठल्या तरी ट्रकचं. आणि पुण्याच्या काकांना मी ‘ओरिजिनल’ लिहून बसलेले.

बाबा परत आले ते वेगळाच चेहरा घेऊन.

‘जाळीच्या आत वेल्डिंग होतं,’ ते म्हणाले. ‘गाडीच्या पुढच्या जाळीच्या मागे. पट्ट्या कापून परत जोडलेल्या. मी विचारलं होतं लहानपणी, हे काय म्हणून. तर म्हणाले, गाडीला दात आलेत.’

मिस्त्रीकाका खो खो हसले. ‘रेडिएटरसाठीच कापलं. आणि मग चढणार नाय तर काय खिंड टॉपमध्ये! ट्रकचा दम हाय तो!’

म्हणजे बघा. मूळचं इंजिन साधारण ३.६ लिटरचं, ताकद शंभर घोड्यांच्या आतच. दहा माणसं घेऊन त्याने कर्नाळ्याच्या चढावर सेकंड मागितलाच असता, बाकीच्यांसारखा. दिवाळीच्या फराळातली ती टॉप गिअरची गोष्ट खरी होती ती या टी मुळे. बाबा त्यानंतर दहा मिनिटं फक्त एवढंच म्हणत होते, ‘बोलले नाहीत कधी. एकदाही बोलले नाहीत.’ मी विचारलं, आरटीओला तरी बोलले होते का? त्याचं उत्तर अजून यायचंय.

पण इंजिनचा निकाल अजून बाकीच होता. ट्रकचं असलं तरी वाचवण्यासारखं आहे का?

हेडचे बोल्ट तापवून, थांबून, परत तापवून एकेक काढले. एकही तुटला नाही, याचं क्रेडिट मिस्त्रीकाका घेतात आणि ते त्यांचंच आहे. या इंजिनांत व्हॉल्व्ह वर नसतात, खाली ब्लॉकमध्ये सिलिंडरच्या शेजारी उभे असतात. हेड म्हणजे नुसतं एक जड लोखंडी झाकण. म्हणून त्यांना फ्लॅटहेड म्हणतात. झाकण उचललं आणि सगळं पोट उघडं पडलं. एक, तीन आणि चार नंबर बरे. दोन आणि पाचमध्ये गंज, कारण बंद पडताना त्यांचे व्हॉल्व्ह उघडे राहिले आणि पन्नास पावसाळ्यांची दमट हवा आत जात राहिली. सिलिंडरच्या वरच्या टोकाला नखाला लागेल एवढी कड, म्हणजे झीज झालेली. पिस्टनच्या डोक्यावर आकडा होता, ‘६०’. म्हणजे मूळ मापापेक्षा साठ थाऊ मोठा पिस्टन. इंचाचे हजार भाग केले तर त्यातले साठ. याचा अर्थ सिलिंडर आधीच शेवटच्या मापापर्यंत घासून मोठे केलेले. आता परत मोठे करायला जागा नाही, सहाही भोकांत नवे स्लीव्ह बसवावे लागणार.

‘चालंल,’ मिस्त्रीकाका म्हणाले. ‘स्लीव्ह मारता येतात. खर्च हाय, पण मरण नाय.’ आणि ते सहा नंबरकडे वळले. एकदम गप्प झाले.

त्यांनी फडकं रॉकेलमध्ये भिजवून सहा नंबरच्या व्हॉल्व्हभोवतीची जागा पुसली. मग कोरडी केली. मग खिशातून खडूचा तुकडा काढला, शाळेतला पांढरा, आणि वर घासला. आम्ही तिघं वाकून बघत होतो. अर्ध्या मिनिटाने पांढऱ्यात एक काळी रेघ उमटायला लागली. केसाएवढी. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकीपासून निघाली आणि सरळ सिलिंडरच्या तोंडापर्यंत गेली. फटीत शिरलेलं रॉकेल बाहेर येऊन खडू भिजवत होतं.

‘क्रॅक.’

कारणही त्यांनी दाखवलं. या ब्लॉकच्या आत लांबीभर एक पातळ पत्र्याची नळी असते. पाण्याच्या पंपातून आलेलं थंड पाणी ती एकेका व्हॉल्व्हपाशी पोचवते. नळी आत असल्यामुळे ती कुणी बदलत नाही. ती गंजून बसली की पुढचे सिलिंडर गार आणि मागचे, पाच आणि सहा, भाजत राहतात. आमची नळी पंप काढून ओढली तर हातात आली ती चिवड्यासारखी, तुकड्यांत. म्हणजे आजोबांची शेवटची काही वर्षं खिंड चढताना सहा नंबर शिजत होता आणि त्यांना पत्ता नव्हता. किंवा असेलही. त्यांनी काय काय सांगितलं नाही हे आता आम्हाला कळायला लागलं होतं.

हिशेब झाला. सहा स्लीव्ह, पिस्टन, रिंगा, बेअरिंगं बाहेरून मागवायची, क्रॅकला वेल्डिंग न करता पिना ठोकून शिवायचं, ते करणारा माणूस वेगळा, त्याची गॅरंटी नाही. मिस्त्रीकाका म्हणाले, ‘दोन लाख धरा. आणि मग मी म्हणंन चालू हाय. पण अण्णा, खरं सांगू? क्रँक एक नंबर हाय, माझ्या बोटाला कळतंय. हेड चांगलं. कनेक्टिंग रॉड चांगले. हा इंजिन म्हणून गेला. पार्ट म्हणून अजून सोनं हाय.’

त्या रात्री मी पुण्याच्या काकांना खरं काय ते लिहिलं. त्यांचं उत्तर दोन मिनिटांत, अंगठा. नुसता अंगठा. माझ्या करिअरमधली ती सगळ्यात छोटी आणि सगळ्यात जास्त लागलेली प्रतिक्रिया.

बाबांनी दीड लाखांचा विषय स्वतःहून काढला नाही. आईनेही काढला नाही, आणि आमच्या आईसाठी हे केवढं मोठं आहे हे तुम्हाला सांगून कळणार नाही. जेवताना बाबा एवढंच म्हणाले, की तीस रुपये किलोने जाणार नाही. बाकी काहीही चालेल.

वडखळच्या बाजूला एक जण जुना फार्गो ट्रक उभा करतोय, हे मिस्त्रीकाकांच्या मुलाने शोधून काढलं. तो येऊन गेला. बाबांनी स्वतः त्याला बॅटरी धरून सहा नंबरची रेघ दाखवली, खडूसकट. ‘आधी हे बघा, मग बोला.’ तो म्हणाला, क्रँक आणि हेडसाठी मी एवढा आलोय, ब्लॉक फुटका असेना. बावीस हजारांत ठरलं. मी मनात गुणाकार केला, भंगाराच्या भावाने आठ हजारही झाले नसते. ब्लॉकवरची ती गंजकी नळी मात्र बाबांनी कागदात बांधून ठेवून घेतली. कशाला, ते विचारलं नाही.

गेल्या शनिवारी टेम्पो आला. गोठ्याच्या उरल्यासुरल्या तुळईला चेन ब्लॉक लावून इंजिन उचललं. पाव टनाच्या वर वजन, तुळई कुरकुरली, कोंबड्या सैरावैरा. टेम्पोत चढल्यावर मला वाटलं बाबा नमस्कार वगैरे करतील. ते सरळ हौद्यात चढले आणि इंजिनला टेकून बसले. ‘दोर सुटला तर कोण बघणार?’ मी पुढे ड्रायव्हरशेजारी.

खिंडीत अभयारण्यापाशी चढ लागला. टेम्पोने दम टाकला, ड्रायव्हरने हात गिअरवर नेला. तेवढ्यात मागून केबिनच्या पत्र्यावर धाडधाड थापा.

‘टॉपमध्ये ठेव रे! टॉपमध्ये!’

ड्रायव्हर पंचविशीचा. त्याने आरशात बघितलं, मग माझ्याकडे, आणि निमूटपणे गिअर खाली टाकला.

‘काका,’ खिडकीतून मान बाहेर काढून तो ओरडला, ‘लोड आहे मागे!’